रविवारचा सिनेमा आणि रीताचे पाहुणे

आधीच सांगून ठेवतो, अख्ख्या रिठद गावात संगणकातलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी! वाशीमला आमच्या ऑफिसात प्रिंटर अडला की साहेबसुद्धा मलाच हाक मारतात. मी तो बंद करून पुन्हा चालू करतो, एवढंच. पण करतो कसा, तर एखाद्या सर्जनसारखा!

तर ऑफिसने लिलावात काढलेला एक संगणक मी घरी आणला. इतक्या वर्षांत जमवलेले सगळे सिनेमे त्यात भरले. बेत असा, की संगणक राहील आतल्या खोलीत आणि सिनेमा दिसेल बाहेरच्या टीव्हीवर. मध्ये वायर नाही! सगळं वायफायवरून!

"एक वायर लावली तं नाई चालत का?" आमच्या सौ. मंजुषाने विचारलं.

"वायर तं कोनीबी लावते!" मी म्हणालो.

रविवारी दुपारी मुहूर्त केला. मंजुषा मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन टीव्हीसमोर बसली. मी आतून भुताचा सिनेमा निवडला, टीव्हीचं नाव दाबलं आणि ओरडलो, "दिसते का?"

"काईच नाई!"

आवाज शेवटपर्यंत वाढवला. तेवढ्यात कुठूनतरी बाईची अशी किंकाळी आली, की चिवड्याची वाटी उडाली!

"गोविंदसिंगभाऊच्या घरून आली," मंजुषा कान देऊन म्हणाली. "आज रीताले पाहाले जऊळक्याचे पाहुने आले न त्यायच्या घरी."

"मंग पोरगं पाहून ओरडली असन!"

गोविंदसिंग म्हणजे आमचे शेजारी, रीताचे वडील. भिंतीला भिंत लागून. आमचं वायफायही दोन घरांत एकच, आणि टीव्हीही आम्ही एकाच दिवाळीत, एकाच दुकानातून घेतलेले. जुळे भाऊच म्हणा!

मी सिनेमा बदलला. या वेळी लग्नाचा, मारामारीवाला. आमचा टीव्ही तसाच काळाठिक्कर! मी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. भिंतीपलीकडे काहीतरी धाडकन पडलं. मग वाटलं, सिनेमे फार मोठे असतील, म्हणून घरचाच एक छोटा व्हिडिओ लावला. आणि त्याच क्षणी दारात गोविंदसिंग उभे! तोंड असं पांढरं, जसं कोणी चुन्यात बुडवून काढलंय.

"विकास, चाल बापा लवकर! आमच्या टीव्हीत काईतरी शिरलं!"

"काय झालं भाऊ?"

"अरे, मी पाहुन्यायले सांगून राह्यलो, का आमची पोट्टी लय शांत हाय. तं टीव्ही आपोआप सुरू झाला अन् आतली बाई किंचाळली! बंद केला. हेमसिंगजी, म्हंजे पोराचे बाप, म्हनले तारखेचं बोलू. तं टीव्ही पुन्हा सुरू! अन् आतला गडी तलवार काढून म्हनते, हे लग्न होनार नाई! हेमसिंगजी उठले तं स्टूलच पडला!"

मी वळून पडद्यावरची यादी पाहिली. एकाच नावाचे दोन टीव्ही! मी ऐटीत वरचा दाबत होतो. म्हणजे माझे सगळे सिनेमे भिंतीपलीकडे चालले होते! आणि आत्ता चालू असलेला व्हिडिओ कोणता, ते मला आठवलं.

गोविंदसिंगांच्या आधी मीच पळालो!

पण उशीर झाला होता. त्यांच्या बैठकीत सगळे टीव्हीकडे पाहत बसलेले. त्यात गेल्या पावसाळ्यातला मी, मोटारसायकलसकट कमरेएवढ्या चिखलात. दोर ट्रॅक्टरला बांधलेला, आणि ट्रॅक्टरवर रीता, लाऊडस्पीकरलाही लाजवील अशा आवाजात ओरडतेय, "विकासदादा, हँडल सरळ धरा! अक्कलबी चिखलातच सांडली का?"

मी घाईघाईत प्लगच उपटला. गोविंदसिंगांनी माझा दंड असा पकडला, की मला हात राहील की नाही शंका! रीताच्या आजवर तीन सोयरिकी जुळता जुळता मोडल्या होत्या, आणि चौथी माझ्या संगणकाने मोडली होती.

हेमसिंगजींनी हळूच विचारलं, "ट्रॅक्टर कोन चालवून राह्यलं होतं?"

"ते... तशी... लय शांत हाय," गोविंदसिंग पुटपुटले.

रीताने चहाचा ट्रे खाली ठेवला. "मीच होती. अन् शांतगिंत मी काई नाई. बाबा उगाच सांगून राह्यले. घरचा ट्रॅक्टर मीच चालवतो, अन् लग्नानंतरबी चालवीन. तुमाले जमत नसन तं आताच सांगा."

सगळ्यांचे श्वास अडकले. माझा तर दोनदा!

आणि फिस्सकन हसायला आलं ते मुलाला, किशनला. "मले ट्रॅक्टर नाई येत," तो लाजून म्हणाला. "शिकवसान?"

"पयले हे सांगा, चिखलात फसता का तुमी?"

"पायवाट पाहूनच जातो जी."

हेमसिंगजी मांडीवर थाप मारून हसले. "आतालोक ज्या पोरी पाह्यल्या, त्या खालीच पाहत बसल्या. त्यायच्या मनात काय, देवाले माहीत! हे तं तोंडावर बोलते. मले पसंत हाय. किशन, तुवं सांग!"

किशनने मान हलवली. रीतानेही, जरा वेळ घेऊन. दंडावरची पकड सुटली आणि माझ्या हातात रक्त परत आलं. मी असा मोठा उसासा टाकला, की हेमसिंगजी माझ्याकडे वळले.

"अरे, चिखलातले ते हेच न?"

"हो जी," मी म्हणालो. त्या दिवशी मला कोणी म्हैस म्हटलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं!

साखरपुडा होऊन गेला. माझं होम थिएटरही आता अगदी झकास चालतं. दर रविवारी चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत! मी आतून सिनेमा लावतो, मंजुषा चिवडा घेते, आणि आम्ही दोघं तो बघायला गोविंदसिंगांकडे जातो.