धुक्याच्या राजाचा कडू घास

वनमालाबाईंना खून आवडायचे, पण आपल्याकडचे नाहीत. जिथं विहिरी बोलतात, हत्ती उडतात आणि राजवाडे ढगांवर बांधलेले असतात, तिथं कुणी मेलं की त्यांना खरी मजा यायची. निम्म्या पुस्तकातच त्या खुनी ओळखायच्या आणि कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या भामाबाईंना सांगून टाकायच्या. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या, असं त्यांचंच म्हणणं.

त्या दिवशी चार वाजता लेकीला, राजश्रीला, बघायला परळीहून पाहुणे यायचे होते. स्थळ चांगलं होतं, मुलाचा फोटो राजश्रीला आवडलाही होता. नवरा, विठ्ठलराव, सकाळपासून अंगण झाडत होता. वनमालाबाईंनी मात्र पुस्तक सोडलं नव्हतं, की गॅस पेटवला नव्हता.

"पोह्याला कितीक येळ लागतोय? आदी खुनी सापडू द्या," त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी भिंतीवरून बातमी दिली. "भामाबाई, धुक्याच्या देशाचा राजा गेला. बंद मनोऱ्यात मारला."

भामाबाईंनी त्या राजाची गोष्ट पहिल्या पानापासून ऐकली होती. त्यांचा जीव कळवळला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भाकरीचा कडू घास नेतात. इथं राजा गेला होता आणि चूलही थंड होती. कडू घास काही भिंतीवरून देत नसतात, म्हणून डोक्यावर पदर आणि हातात पिठलं-भाकरी घेऊन त्या गल्लीतून निघाल्या.

पदर, पिठलं आणि पडलेला चेहरा एवढं दिसल्यावर लिंबागणेश गावात कुणी कारण विचारत नाही. विठ्ठलरावांच्या चुलतभावानं, सिदूनं, भावकीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. नाव नंतर टाकू म्हणाला. थोड्याच वेळात भावकी डोक्याला टॉवेल गुंडाळून अंगणात बसली. विठ्ठलराव जिवंत दिसले, तेव्हा वनमालाबाईच गेल्या असं समजून सगळे हळहळले.

तेवढ्यात पाहुण्यांची जीप आली. मुलाच्या आईनं, सत्यशीलाबाईंनी, एक पाय खाली ठेवला आणि त्या तिथंच थांबल्या. "सुतकाच्या घरी पोरगी बघत न्हाईत. आमी निघतो."

दारामागं राजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. वनमालाबाई पुस्तकात बोट घालून फाटकापाशी आल्या.

"थांबा. मेलाय त्यो आमच्या भावकीतला न्हाई."

"मग कोन?"

"धुक्याच्या देशाचा राजा."

भावकीनं टॉवेल सोडले. सत्यशीलाबाईंनी दुसरा पाय खाली ठेवला. "बंद मनोऱ्यात मारलाय, त्यो?"

"त्योच. धाकल्या भावानं मारलाय. शेवटची पानं उंदरानं खाल्लीत, पन माजं कायबी अडत न्हाई."

"अडतंय," सत्यशीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी वाचलीय. भावानं न्हाई मारलं."

वनमालाबाईंचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उतरला. "मग कुनी?"

"आदी पोरगी दावा, इनबाई."

पोहे झालेच नाहीत. पाहुण्यांनी कडू घासच गोड मानून खाल्ला. मुलगा जीवन आणि राजश्री मागच्या अंगणात बोलून आले, तशी वनमालाबाईंनी लेकीला स्वयंपाकघरात ओढलं.

"पसंत हाय?"

"हाय," राजश्री लाजत म्हणाली.

"आन् खुनी कोन, ते सांगितलं का त्यानं?"

"सांगितलं की."

"मग सांग."

"आई, सासूबाई म्हनल्यात, लग्नाच्या आदी माहेरी सांगायचं न्हाई."

लेक परक्याची होते म्हणतात. ती नेमकी कधी होते, ते वनमालाबाईंना आत्ता कळलं आणि त्यांना भरून आलं. पदरानं डोळे पुसून त्या बाहेर गेल्या.

"आवो," त्या विठ्ठलरावांना म्हणाल्या, "सगळ्यात जवळचा मुहूर्त काढा."