तांबड्या डोळ्यांच्या शिबंदीची बखर

श्रीकुलस्वामिनी समर्थ. जिचे तेज कधी मावळत नाही तिचे चरणी मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

त्या राज्याचे धनी राजश्री चिंतोपंत. यांणी अवघी हयात कालव्यांची गळती शोधण्याचे चाकरीत घालविली आणि नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते. गळती म्हणजे पंतांचे हाडवैर. नळ थेंब थेंब टपकू लागला तर त्यांस घास गोड लागत नसे. ऐसे असता ज्येष्ठ मासी अवघे राजकुटुंब भाचीचे लग्नास निघाले आणि पंत चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून एकटे माघारी आले, आणि जिन्याखाली येऊन पाहतात तो वर घरात माणूस नाही, दिवा नाही, पंखा नाही, आणि मीटर आपला लुकलुकतोच आहे. पंत चकित जाहले. मग वर जाऊन कुलूप काढिले, तो दिवाणखान्यात टीव्ही निजलेला, परंतु त्याचा तांबडा डोळा टक्क उघडा. त्याचे बगलेस सेट-टॉप बॉक्स, अंगास हात लावावा तो ताप भरल्यागत ऊन. मुदपाकखान्यात मायक्रोवेव्ह कोणी विचारीत नसता वेळ सांगतो, तीही चुकीची. भिंतीस चार्जर लोंबतो, टोकास मोबाइल नाही. आणि युवराजांचे शयनगृही एसी रिमोटच्या हुकमाची वाट पाहत डोळा लावून बसलेला. पंतांचे मस्तकात तिडीक गेली. बोलिले, "फ्रिज बिचारा राबतो, त्याने खावं. ही बाकीची शिबंदी काम ना धाम, नुसती उभ्या उभ्या चरतेय. खायला काळ आणि भुईला भार!" आणि मग एकेकाचे बटण शोधीत तेथेच रमले, आणि तिकडे भाचीवर अक्षता पडून गेल्या, आणि चष्मा पुन्हा घरीच राहिला.

दुसरे दिवशी दरबार भरवून हुकूम सुटला की रिमोटने विझविले ते विझविले नव्हे, भिंतीवरील बटण दाबावे, आणि चार्जर काम होताच उपटावा. युवराज अद्वैतराव हसले. म्हणाले, "बाबा, या सगळ्याचं मिळून एका दिव्याएवढंसुद्धा होत नसेल. कशाला जीव काढताय?" पंत म्हणाले, "कालवा काय एकदम फुटतो? आधी खेकड्याचं भोकच असतं!" सूनबाई ऋचाबाईंनी मान डोलविली आणि चार्जर जेथे होता तेथेच लोंबत राहिला. राणीसाहेब कुमुदिनीबाई एवढेच म्हणाल्या, "तो टीव्हीचा डबा बंद केला की पुन्हा जागा होईपर्यंत माझी निम्मी मालिका जाते, त्याचं काय ते बघा." ऐसी एकेकाची तऱ्हा. पालथ्या घड्यावर पाणी.

मग पंतांनी स्वतः मोहीम आरंभिली. परंतु घराची सजावट करणारा कारागीर ऐसा महाभाग, की त्याने शोभा बिघडते म्हणून अवघी बटणे कपाटांमागे दडविली होती. पंतांनी जमिनीवर पालथे पडून हात घातला तो कोपर अडकले, आणि युवराजांनी कपाट हलविले तेव्हा सुटले. मग पंतांनी पाठ खाजविण्याचा लाकडी पंजा हाती घेतला, आणि दुपारी जेवणे आटोपून सर्व मंडळी कलंडली म्हणजे तो पंजा परजून खोलीखोलीतून फिरावे, फटीत घालावा आणि खट्‌ करून बटण पाडावे, ऐसा नेम ठेविला. एके दिवशी हिरवे डोळे मिचकावणारा वायफायचा डबा पाडिला, तो आतून ऋचाबाई कडाडल्या, "बाबा! माझी मीटिंग चालू होती!" पंत म्हणाले, "मग तसं सांगायचं!" आणि संध्याकाळी पाहावे तो सर्व डोळे पुन्हा उघडे. पंत मिटवून मिटवून थकले आणि घरचे उघडून थकले नाहीत. हे पाहून लिहिणाराचीही लेखणी आपटावी ऐसे जाहले.

इतक्यात आश्विन मास लागला आणि घट बसले. त्या राज्यात नऊ दिवस देवीपुढे अखंड नंदादीप ठेवण्याची चाल. तेलाचे दिव्यापाशी राखणीस माणूस लागते. आणि कुमुदिनीबाईसाहेबांचे गुडघे त्या वर्षी बसू देईनात. म्हणून त्यांनी घट बसण्याआधीच विचारिले, "अहो, तुम्ही बसाल का थोडा वेळ?" पंत म्हणाले, "मला कुठे सवड आहे? घरभर बटणं पाडायची आहेत." युवराजांस कचेरी, सूनबाईंस मीटिंग. अखेर युवराजांनी बाजारातून विजेची समई आणिली आणि म्हणाले, "आई, तेल नको, वात नको, राखण नको." बाईसाहेबांनी तिचेच कुंकू लावून पूजन केले आणि देवघरामागील सॉकेटात खोविली.

तिसरे माळेचे दिवशी दुपारी पंत पंजा घेऊन निघाले. चष्मा उशाशी राहिला होता. बोळाचे टोकास देवघर, तेथे उजेड बेताचा, आणि त्या अंधारात पाहतात तो एक तांबडा डोळा जळतो आहे. पंत संतापून म्हणाले, "अरे, देवाच्या दारातसुद्धा तुम्ही!" आणि पंजा देवघरामागे घालून खट्‌ केले. त्याच वेळी बाईसाहेब घटास पाणी शिंपडावयास आल्या. देवघर काळोखे, आणि स्वामी हाती लाकडी पंजा घेऊन उभे. पंतांनी लगबगीने बटण पुन्हा दाबिले आणि म्हणाले, "हे बघ, लागला. काही झालेलं नाही." बाईसाहेब रागे भरत्या तर बरे होते. त्या भिंतीस टेकून उभ्याच राहिल्या आणि डोळ्यांस पाणी आले. म्हणाल्या, "या घरात आल्यापासून एकदाही विझला नव्हता हो. अद्वैत पोटात होता तेव्हा सासूबाई बसायच्या. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी बसले, कडेवर हा रडत असताना."

पंत चाचरत म्हणाले, "पण हा तर विजेचा दिवा..."

"विजेचा होता," बाईसाहेब म्हणाल्या, "कारण बसायला कोणी नव्हतं."

पंत म्हणजे आजवर ज्यास त्यास ऐकविणारा पुरुष, परंतु त्या वेळी त्यांस मनापासून लाज वाटली आणि त्यांनी पंजा खाली ठेविला. बाईसाहेबांनी विजेची समई उपटून दूर ठेविली, पितळेची घासून आणिली, देवीपुढे नाक घासून वात पेटविली, आणि जेवणघरातील खुर्ची ओढून हुकूम केला, "आता दसऱ्यापर्यंत तुम्ही इथे." पंतांनी विचारिले, "आणि करू काय?" बाईसाहेब म्हणाल्या, "काही नाही. वारा आला तर आडवा हात धरायचा, तेल उतरलं तर घालायचं. एरवी नुसतं तयार असायचं."

मग पंत बसले. काम नाही, धाम नाही, आणि चहा येतो, फराळाची बशी येते, दुपारी पुन्हा चहा येतो. युवराज झोपेपुरती पाळी घेत आणि जाता येता म्हणत, "काय बाबा, स्टँडबायवर?" पंत मुकाट्याने साबुदाणा चावीत. इकडे मोहीम बुडाली, शिबंदी मोकाट सुटली असेल, या विचाराने जीव तळमळे. परंतु ज्योत हलली की विचार तेथेच सोडून हात आडवा धरीत. अष्टमीस दुपारी दिवाणखान्यातून खट्‌ ऐसा नाद आला. पंतांनी मान वळविली, तो कुमुदिनीबाईसाहेब दुखरे गुडघे सांभाळीत, लाकडी पंजा कपाटामागे घालून टीव्हीचे बटण पाडीत होत्या. मालिका नुकतीच संपली होती. पंत खुर्चीतून म्हणाले, "डबासुद्धा?" त्या म्हणाल्या, "डबासुद्धा. तुम्ही दिव्याकडे बघा."

दसऱ्यास सीमोल्लंघन जाहले, आणि तोवर दिवा पुन्हा विझला नाही, आणि चार्जरही भिंतीवरून उतरला होता. तात्पर्य, इतके हुकूम सुटले त्यांणी जे जाहले नाही ते एका खुर्चीने जाहले. तेलाचे धुराने आणि जाग्रणाने त्या दिवशी अवघ्या राज्यात तांबडे डोळे उरले ते दोनच, आणि ते चिंतोपंतांचे. मजकूर समाप्त. वाचणाराने उठून एकवार आपले भिंतीकडे पाहावे.