कपाट उभंच येईल

सासूबाई लेकीकडे कायमच्या राहायला तयार झाल्या, ही बातमी आनंदाची होती. त्यांचे कपाटही येणार, हे त्याच वाक्याच्या शेवटी होते. आणि ते उभेच येणार, आडवे होणार नाही, ही अट त्यांनी फोन ठेवता ठेवता घातली. चाळीस वर्षे ते कपाट एकाच भिंतीला पाठ लावून उभे होते. त्याच्या दारावर माणसाएवढा आरसा होता, आत सगळा संसार कुलूपबंद होता आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती.

जावई कालवा वाहतूक कार्यालयात मोजणी अधिकारी होते. पाण्याची खोली मोजायची लांबलचक काठी कायम हातात असल्यामुळे त्यांना सगळे काठीसाहेब म्हणत. साहेब स्वतः त्या काठीच्या निम्म्याने होते. अकरा वर्षे त्यांनी एकच ध्यास घेतला होता, तो म्हणजे रस्त्यावरचा माल पाण्यावर आणायचा. “एका मोठ्या नावेत चार ट्रकांचा माल जातो,” हे ते लग्नाच्या पंगतीतही सांगत, त्यामुळे पंगतीत त्यांच्या शेजारची जागा शेवटी भरे. कार्यालय म्हणजे चार खुर्च्या, एक धक्का आणि एक मोजणीची नाव. एवढ्या भांडवलावर त्यांनी सरकारकडे निधी मागितला होता. गाळ काढायचा, नवीन नावा घ्यायच्या, दोन्ही टोकांना धक्के बांधायचे. अर्ज चौऱ्याऐंशी पानांचा होता आणि गुरुवारी अकरा वाजता निधी समिती कालवा पाहायला येणार होती. समितीने मान हलवली तर अकरा वर्षांचे सोने होणार होते. नाही हलवली तर कार्यालय बंद होऊन काठीसाहेबांची बदली रस्ते खात्यात होणार होती, आणि तिथे काठीला काही काम नव्हते.

पाहुणे नावेत बसण्याआधी त्याच दिवशी सकाळी माल भरून नाव चालवून पाहायची, असा कार्यालयाचा नियम होता. दरवेळी त्यासाठी वाळूची पोती भरत. बुधवारी जेवताना बायको म्हणाली, “पोत्यांऐवजी आईचं कपाट न्या की. घर तिचं कालव्यावर, आपलंही कालव्यावर. टेंपोवाले तर तिची गल्ली बघूनच पळतात.”

काठीसाहेबांनी या बोलण्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. त्यांनी नोंदवहीत ‘चाचणीचा माल : एक लाकडी नग’ असे लिहूनही टाकले.

त्याच संध्याकाळी त्यांनी आणखी एक हुशारी केली. समितीला कालवा काठोकाठ भरलेला दिसावा म्हणून वरच्या बाजूच्या पाण्याच्या दारावरच्या माणसाला फोन लावला. पहाटेपासून पाणी सोडायचे आणि बारा वाजेपर्यंत दार बंद करायचे नाही, असे बजावले. मागच्या वर्षी कोणाची तरी स्कूटरची किल्ली कालव्यात पडली होती आणि त्या बहाद्दराने काठीसाहेबांच्या आवाजात फोन करून वीतभर पाणी उतरवून घेतले होते. ते आठवून काठीसाहेबांनी जाता जाता सांगितले, “आणि कोणाचाही फोन आला तरी ऐकायचं नाही. माझा आला तरी.”

गुरुवारी सकाळी सहा हमालांनी मिळून कपाट पायऱ्यांवरून नावेत उतरवले. सासूबाईंनी घराला कुलूप लावले, एकदा मागे वळून पाहिले आणि कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. काठीसाहेबांना त्या क्षणी मनापासून वाईट वाटले. चाळीस वर्षांतले बाकी सगळे ही बाई मागे सोडून आली होती. त्यांनी तिथल्या तिथे कपाटाला ओरखडाही येऊ देणार नाही, असा शब्द दिला. नावेत एकूण दहा लाइफ जॅकेटे होती. सासूबाईंनी त्यांतली दोन घेतली. एक स्वतः घातले आणि दुसरे कपाटाच्या मुठीला बांधले.

“आई, ते माणसांसाठी असतं.”

“त्याला कुठे पोहता येतं, जावईबापू?”

नावाड्याने इंजिन सुरू केले.

अर्ध्या वाटेवर रस्त्याचा जुना पूल होता. त्याच्या पोटाला दोन लोखंडी तुळया होत्या. पहिलीखालून कपाट कसेबसे सुटले. दुसरीला टेकले, करकरले आणि थांबले. नावही थांबली.

“साहेब, अडकलं,” नावाडी म्हणाला.

“अडकेल कसं? खाली साडेचार फूट पाणी आहे.”

“खाली नाही. वर.”

काठीसाहेबांनी वर पाहिले, आणि या पुलाखाली ते पहिल्यांदाच वर पाहत होते. कालव्याचा तळ त्यांना तळहातासारखा माहीत होता. कुठे किती गाळ, कुठे दगड, कुठे कोणाची बादली पडली आहे, सगळे पाठ. पण बुटके असल्यामुळे अकरा वर्षांत त्यांना पुलाखाली मान वाकवावी लागली नव्हती, आणि पूल पाण्यापासून किती उंच आहे हे मोजायचे कधी डोक्यातच आले नव्हते.

त्यातून पाणी वाढत होते. वाढणारे पाणी नावेला वर उचलत होते, कपाट नावेला खाली दाबत होते, आणि कपाटाला पूल. नाव पाचरीसारखी घट्ट बसत चालली होती. नावाड्याने पुढे रेटून पाहिले, मागे रेटून पाहिले. कपाट आडवे करायचा विषय त्याने काढला, तेव्हा सासूबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की त्याने तो लगेच मिटवला. तसेही आता ते हलवायला वर जागाच नव्हती. काठीसाहेबांनी पाण्याच्या दारावर फोन लावला.

“मी बोलतोय. दार बंद कर.”

“नाही जमणार साहेब.”

“अरे, मी स्वतः सांगतोय.”

“तेच तर. तुम्ही स्वतः सांगितलं तरी ऐकायचं नाही, असं तुम्ही स्वतः सांगितलंय. आता तुमचं ऐकायचं म्हणजे तुमचं न ऐकण्यासारखं झालं.”

काठीसाहेबांनी त्याला बायकोचे नाव, पगाराची तारीख आणि टेबलाच्या खणात काय आहे हे सगळे सांगून पाहिले. मागच्या वर्षीच्या बहाद्दरानेही एवढी तयारी केली होती, असे म्हणत त्या प्रामाणिक माणसाने फोन ठेवला. असा निष्ठावान माणूस हाताखाली असावा असे काठीसाहेबांना नेहमी वाटे. त्या दिवशी ते वाटणे बंद झाले.

तोवर पुलावर बघे जमले होते. आधी कोपऱ्यावरचा शिंपी आला, मग पोस्टमन सायकल लावून कठड्यावर ओणवा झाला. मग पुलाखाली कपाट अडकलेय आणि त्याने लाइफ जॅकेट घातलेय, ही खबर रस्ताभर पसरली. गाड्या हळू झाल्या, मग थांबल्या, मग एकमेकींत अडकल्या. साडेदहापर्यंत रस्ता दोन्ही बाजूंनी पार तुंबला. त्या गर्दीच्या बरोबर मध्ये, पुलाच्या डोक्यावर, एक पांढरी सरकारी गाडी उभी होती. तिच्यात निधी समिती बसली होती.

समितीत तिघे होते. अध्यक्षबाई करड्या केसांच्या आणि मोजके बोलणाऱ्या. दुसरे सदस्य त्यांच्याहून मोजके, म्हणजे ते बोलतच नसत. तिसरे रस्ते खात्यातून आलेले. पाण्यावर पैसा घालणे म्हणजे पाण्यात पैसा घालणे, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी गाडीत दोनदा सांगितले होते. वीस मिनिटे गाडी हलेना तेव्हा अध्यक्षबाई उतरल्या, कठड्यावरून खाली डोकावल्या आणि काठावरच्या पायऱ्यांनी सरळ नावेजवळ आल्या.

“कालवा कार्यालयाची नाव ना ही?”

काठीसाहेब हो म्हणाले. दुसरे काही म्हणता येण्यासारखे नव्हते, कारण नावेवर तसे मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते.

“इथे खोली किती?”

“चार फूट सात इंच. तिकडच्या खांबापाशी चार फूट दोन. पुढच्या वळणावर तीन फूट अकरा, पण तिथे गाळ आहे, तो काढला की पाच.”

“पुलाची उंची?”

काठीसाहेबांनी पुन्हा वर पाहिले. पायऱ्यांवर उभ्या रस्तेवाल्या सदस्यांनी पेनचे टोपण काढले.

“मोजली नाही,” काठीसाहेब म्हणाले. “चुकलं माझं. चौऱ्याऐंशी पानं लिहिली, सगळी पाण्याखालची. वरचं एक ओळभरही नाही.”

सदस्यांनी ते लिहून घेतले. अकरा वर्षे एका ओळीत संपली, असे काठीसाहेबांना वाटले. त्यांना काठी टेकून खाली बसावेसे वाटले, पण अध्यक्षबाई उभ्या होत्या.

एवढ्यात बायको गर्दीतून वाट काढत चहाचा थर्मास घेऊन आली. “सकाळपासून आई उपाशी असेल,” म्हणत ती काठावरून टाकलेल्या फळीवरून नावेत चढली. तिचा पाय नावेत पडताच वर कपाट करकरले. काठीसाहेबांनी कान टवकारले. त्यांनी काठी उभी केली आणि नावेच्या कडेशी धरली. मग बायकोला पुन्हा काठावर जायला सांगितले, आणि पुन्हा चढायला.

“मला काय झोपाळा समजलात का?” बायको म्हणाली.

“एक सेंटिमीटर,” काठीसाहेब पुटपुटले. “तू चढलीस की नाव एक सेंटिमीटर दबते.”

“माझं वजन चारचौघांत मोजू नका.”

पण काठीसाहेब आता मोजणी अधिकारी झाले होते. पाणी कितीने वाढले, नाव किती दबली पाहिजे, सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात भराभर लागत होता. हलके करून काही होणार नव्हते. नाव जड करायची होती. “दर माणशी एक सेंटिमीटर,” ते म्हणाले. “सात माणसं पाहिजेत. कडा अजून वीतभर पाण्याच्या वर आहे, धोका काही नाही. आधीचे आम्ही तिघं, हे सात, कपाटाचे दोन. नावेला बाराचीच परवानगी आहे, बरोबर बसतं.”

बायको पहिली होतीच. कार्यालयातला कारकून धावत आला होता, तो दुसरा. शिंपी गळ्यातल्या टेपसकट उतरला. पोस्टमनने पिशवी पाठीवर तशीच ठेवली, तेवढाच भार. मग कोणी पुढे येईना. अध्यक्षबाईंनी चपला हातात घेतल्या आणि फळीवर पाय टाकला. “मी इथे कालव्यावर माल जातो का हे बघायला आले होते,” त्या म्हणाल्या. “मालाच्या बाजूनेच बघू या.” न बोलणारे सदस्य न बोलता त्यांच्या मागोमाग आले. प्रत्येक पावलाला कपाट करकरत होते. सहा झाले. नावाड्याने इंजिन रेटले. नाव थरथरली, पण सुटली नाही.

सगळ्यांच्या नजरा पायऱ्यांकडे वळल्या. तिथे एकटे रस्तेवाले सदस्य फाइल छातीशी धरून उभे होते.

“मला पोहता येत नाही,” ते हळूच म्हणाले. “आणि जॅकेट संपलीत.”

हे खरे होते. नऊ जॅकेटे नावेतल्या नऊ जणांच्या अंगावर होती, दहावे कपाटाने घातले होते. सासूबाईंनी एकदा कपाटाकडे पाहिले, एकदा त्या माणसाकडे. मग उठल्या, मुठीची गाठ सोडली आणि जॅकेट पुढे केले.

“घ्या. त्याला मी धरते.”

सदस्य जॅकेट घालून फळीवरून आले आणि डोळे मिटून नावेत बसले. वर एक शेवटची करकर झाली. नाव खाली दबली, कपाट तुळईखालून अलगद निसटले आणि दहा माणसांसकट पुलाच्या पलीकडे उन्हात आले. पुलावरच्या बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी आधी कपाटाच्या डोक्यावरून हात फिरवून पाहिला. ओरखडा नव्हता, नुसता तुळईचा गंज लागला होता, तो पदराने पुसला गेला.

तिथून धक्क्यापर्यंत नावेला सात मिनिटे लागली. अध्यक्षबाईंनी ती घड्याळात पाहिली. त्यांची गाडी पुलावरून धक्क्यावर यायला पावणेदोन तास लागले. तेवढ्या वेळात समितीने कपाट घरात चढताना पाहिले, चहा घेतला आणि चौऱ्याऐंशी पाने वाचून काढली. कपाट दारातून आत जाताना काठीसाहेब काठी घेऊन चौकटीकडे धावले होते, पण दाराची उंची बायकोने आदल्या दिवशीच मोजून ठेवली होती.

दीड महिन्याने पत्र आले. काठीसाहेबांनी ते तीनदा वाचले. निधी मंजूर झाला होता, पण गाळाला पैसे पुढच्या वर्षी. पहिला पैसा पुलाला होता. पूल दीड मीटरने उंच करायचा, म्हणजे भरलेली नाव खालून सहज जाईल. काम पाच महिने चालणार आणि तोवर रस्ता बंद. तेवढे दिवस माणसे आणि माल दोन्ही कालव्यानेच न्यायचे, त्यासाठी दोन नवीन नावा ताबडतोब. खाली तिघांच्याही सह्या होत्या. रस्तेवाल्यांची सही जरा थरथरली होती, पण होती. काठीसाहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाही.

रस्ता बंद झाला त्या पहिल्या सकाळी धक्क्यावर रांग लागली. काठीसाहेब एका बाजूने खाली मोजत होते, दुसऱ्या बाजूने वर. त्यांनी काठीच्या दुसऱ्या टोकालाही आकडे रंगवून घेतले होते. जॅकेटे वाटायचे काम सासूबाईंनी स्वतःहून घेतले होते. मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रांगेत मधेच एक ओळखीचा चेहरा फाइल छातीशी धरून उभा होता. त्यांचे कार्यालय पुलापलीकडे होते आणि आता तिथे पोचायला दुसरी वाट नव्हती.

सासूबाईंनी ढिगातून एक जॅकेट निवडून त्यांच्या हातात दिले. त्याच्या बंदावर कपाटाच्या मुठीची जुनी मुरड अजून होती.

“या, सातवे,” त्या म्हणाल्या. “पुढे बसा. तुम्ही आल्याशिवाय सुटत नाही आमची नाव.”