बाटली गरम पाहिजे

आमच्या शेजारचे वामनराव चहाचा कप आधी तोंडाला लावत नाहीत, उलट्या हाताला लावतात. गरम निघाला तर मान हलवतात. कोमट निघाला तर माझ्याकडे असं पाहतात, जसा काही मी तो दुसऱ्याच्या घरून भरून आणला.

ही त्यांच्या नोकरीची खोड. खामगावात एका लॅबमध्ये ते ट्रक ड्रायव्हरांची लघवी तपासतात, दारू-गांजा घेतला का म्हणून. रिपोर्ट साफ आला तरच गाडीची चावी. काही बहाद्दर दुसऱ्याची लघवी खिशात लपवून आणतात. म्हणून बाटली हाती आली की वामनराव आधी तिला उलटा हात लावतात. गरम असली तर खरी.

"थंडी लय आहे ना साहेब," एक जण म्हणाला म्हणे.

"थंडी बाहेर आहे बे, तुह्या पोटात नाही!"

ही गोष्ट मी वीस वेळा ऐकली असेल, आणि तीही नेमकी मी जेवायला बसली की. वामनरावांचा भरवसा म्हणून कोणावर नाही. दूधवाला चोर, भाजीवाली चोर. "काकू, माणूस खोटं बोलते, लघवी नाही बोलत." सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी हातात धरून हे बोलले, आता काय म्हणावं!

आणि बोलणारा कोण? जो स्वतः नालीच्या काठानं झोकांड्या खात घरी यायचा, तो. त्यापायीच बायको, शोभा, दोन वर्षांपासून साखरखेर्ड्याला माहेरी बसली आहे. आता म्हणतात, सोडली. ये म्हणून फोन करतात. शोभाचं एकच, "असं तुम्ही धा वेळा सांगतलं." मीही तिच्याच बाजूची. साऱ्या जगाची तपासणाऱ्याची कोण तपासते?

मागच्या रविवारी सकाळीच दारात उभे. हातात रुमालात गुंडाळलेली बाटली.

"काकू, हात लावा."

"काय आहे?"

"माही आहे. आताच भरली."

"राम राम राम! डोकं फिरलं काय वामनराव? माही पूजा व्हायची आहे अजून!"

"नियम आहे काकू. आपलं आपण तपासलं तर कोण मानते? साक्षीदार लागते."

त्यांनी वही उघडली. दर रविवारची तारीख, खाली तपासणीची पट्टी चिकटवलेली. पानांमागून पानं. प्रत्येक पानावर साक्षीदाराची जागा कोरी.

"वर्षभर कोणाले म्हणाची लाज वाटली," ते खाली पाहत म्हणाले. "शोभाले वही पाठवली तर ती म्हणन, नुसतं पाणी भरलं असन. तुमच्यावर तिचा भरवसा आहे."

मी उलटा हात लावला. त्यांनी माझ्यासमोरच पट्टी बुडवली. आम्ही दोघं उंबऱ्यात उभे, पट्टीकडे पाहत. रंग बदलला नाही, म्हणजे साफ.

मी सही केली. आत जाऊन हात धुतले, साबणानं, दोनदा. मग साखरखेर्ड्याला फोन लावला.

"शोभे," म्हटलं, "बाई, मी हात लावून पाहिला. गरम होती."