दंडातला तपासनीस

माणूस खोटं बोलतोय की खरं, हे मला त्याच्या कानाच्या पाळीवरून कळतं. उभा जन्म हिशेबतपासणीत गेलाय. त्यामुळे सासऱ्यांच्या साखरेवर नजर ठेवायची वेळ आली, तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "माझ्यावर सोपवा."

सासरे घड्याळजी. दुकानात एकटेच बसतात. मध्यंतरी साखर उतरली आणि ते काउंटरवरच आडवे झाले. शेजारच्या चष्मेवाल्यानं तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दंडात, कातडीखाली सेन्सर बसवला आणि बजावलं, "बघू काही दिवस. पुन्हा उतरायला लागली तर दुकानात एकटं बसणं बंद." सासऱ्यांचा चेहरा लंबक काढून घेतलेल्या घड्याळासारखा झाला.

सेन्सर केवढा? केसाएवढी तार, तिच्यावर एन्झाइमचा लेप. अंगातल्या रसात नाना पदार्थ तरंगत असतात. हा पठ्ठ्या फक्त साखर धरतो, बाकीच्यांना ओळखसुद्धा देत नाही. साखर धरली की कणभर वीज तयार होते आणि तिचा आकडा थेट माझ्या फोनवर. असा तपासनीस मी जन्मात पाहिला नव्हता. चहा नको, पाणी नको, वशिला नको. हात जोडावेसे वाटले मला.

पहिल्याच दुपारी फोन किंचाळला. साखर खाली! साहेबांचं वाक्य अर्ध्यावर सोडून मी पळालो. वाटेत फळांच्या रसाची बाटली घेतली. सासरे भिंग लावून एका मनगटी घड्याळात शिरलेले.

"बाबा, आधी हे प्या."

"अहो, मला काही होत नाहीये."

"ज्याला होतं त्याला कळत नसतं."

त्यांनी मुकाट्यानं बाटली रिकामी केली. आकडा टुणकन वर. मी बायकोला फोन लावला, "वाचवलं बाबांना."

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी मी ग्लुकोजची पावडर खिशातच ठेवली. बायको म्हणाली, "अहो, बाबा नीट जेवत नसतील," आणि डबा दुप्पट केला. तरी साखर उतरायची ती उतरायचीच, आणि मी पोचलो की अशी चढायची की वर गेली म्हणून फोन परत बोंबलायचा. ऑफिसात मला 'बंब' म्हणायला लागले.

शेवटी दवाखाना. सासरे दुकानाच्या किल्ल्या मुठीत आवळून बसलेले. डॉक्टरीणबाईंनी आलेख पाहिला. "ही साखर उतरत नाहीये, कड्यावरून उडी मारतेय. आजोबा, कामाला बसता कसे?"

सासऱ्यांनी सेन्सरचा डावा दंड टेबलाच्या कडेवर टेकवला आणि नसलेल्या घड्याळात डोळा घातला. थोड्या वेळानं माझ्या हातातला आकडा घसरायला लागला. मी खिशातली ग्लुकोजची पावडर बाहेर काढली. बाईंनी शांतपणे त्यांचं बोट टोचलं. रक्तातली साखर ठणठणीत.

"दंड दाबला की तिथला रस बाजूला सरतो. एन्झाइमपर्यंत साखर पोचतच नाही. जेवढी पोचते तेवढी ते इमानानं सांगतं."

"पण प्यायल्याबरोबर आकडा चढायचा की."

"बाटली धरायला ते सरळ बसत असतील. तुम्ही बोट टोचून पाहिलं नाहीत?"

"घाईत..." मी म्हणालो.

त्यांचं बोट आलेखावर पुढे सरकलं. "ही त्यानंतरची उंच टेकडी मात्र अगदी खरी आहे. नको असताना एवढी साखर कोण पाजतंय?"

सासरे जमिनीकडे बघत म्हणाले, "जावई घाम पुसत येतात हो. नाही कसं म्हणायचं?"

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "दुकान खुशाल चालवा. फक्त डाव्या दंडावर रेलू नका. आणि जावयांना दुकानात येऊ देऊ नका."

आता तो आकडा बायकोच्या फोनवर येतो. मलाही कळतो, संध्याकाळी, विचारला तर.