चार नंबरचे दाखले

कुरुविळाने फाईल नुसती उघडून बघायचं ठरवलं. बघायची आणि मिटून ठेवायची, एवढंच.

आता यात वाईट काय? काहीच नाही. पण ड्यूटीवर जाताना त्याची बायको लिजी फाटकापासून परत आली होती आणि बोट रोखून म्हणाली होती, "इच्चाया, उद्या सकाळी एर्नाकुलमला जायचंय. तोवर त्या फाईलला हात लावायचा नाही. तिच्या जवळून जायचंसुद्धा नाही." (नवऱ्याला आधी मानाने 'इच्चाया' म्हणायचं आणि मग असं झापायचं, ही केरळातल्या पाला गावाकडच्या बायकांची जुनी रीत आहे.)

लिजी अतिदक्षता विभागात नर्स होती. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी दिली होती. आता तिच्या झाडून सगळ्या मूळ दाखल्यांवर उद्या एर्नाकुलमच्या कचेरीत खरेपणाचे सरकारी शिक्के पडायचे होते. उद्याची तारीख हुकली तर पुढची थेट नाताळानंतर, आणि तोवर हॉस्पिटल काही थांबणार नव्हतं. त्याच फाईलमध्ये लग्नाचा दाखला होता. त्या एका कागदाच्या जिवावर कुरुविळाही नवरा म्हणून विमानात बसणार होता.

आणि त्याला बसायचंच होतं. गावातल्या वर्गीसची बायको पुढे गेली, तो 'मागून येतो' म्हणाला आणि अजून मागेच आहे. रोज संध्याकाळी एकटाच कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, उकडतो आणि मासळीचा वास फोनवरून बायकोला सांगतो. त्याला पाहिलं की कुरुविळा रस्ता बदलायचा. लिजीशिवाय आपल्याला दोन दिवसही करमणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिला मात्र त्याने ते कधी सांगितलं नव्हतं.

दूधसोसायटीत तो क्लार्क होता आणि आज सुट्टी होती. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. तीनदा बॅग भरून झाली, दोनदा छत्री उघडून मिटून झाली, आणि मग त्याने फाईल उघडली.

आत बुरशी!

ऐन पावसाचा कर्किडकम महिना चालू होता. पंधरवडाभर सूर्य दिसला नव्हता, भिंतींना पाझर फुटला होता, मीठ पातळ झालं होतं. त्याच दमटपणाने कागद मऊ पडले होते आणि नर्सिंगच्या पदवीवर हिरवट लव उगवली होती. लग्नाचा दाखला तर सगळ्यांत ओला, हातात धरला की पापडाच्या लाटीसारखा लोंबायचा.

"बरं झालं बघितलं!" कुरुविळा स्वतःशीच म्हणाला. (हे वाक्य तो आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हणाला, तेव्हा तेव्हा पुढे काहीतरी वाईट झालं आहे.)

आता ऊन नाही, तर वाळवायचं कशावर? पण रबराच्या मळ्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. घरामागे धूरघर होतं. रबराचा चीक गोठवून, यंत्रातून लाटून त्याच्या ज्या शीट होतात, त्या तिथे काठ्यांवर टांगून मंद धुरावर वाळवतात. पावसाळ्यात तिथे काय वाळत नाही? शाळेचे गणवेश वाळतात, पांघरुणं वाळतात, अंतर्वस्त्रंही वाळतात. कुरुविळा लहानपणापासून धुराचा वास मारतच मोठा झाला होता आणि त्याचं काही अडलं नव्हतं.

त्याने कपड्यांचे चिमटे घेतले आणि एकेक दाखला काठीवर लावला. जन्माचा, दहावीचा, पदवीचा, अनुभवाचा. लग्नाचा दाखला सगळ्यांत ओला म्हणून सगळ्यांत खालच्या काठीवर, विस्तवाच्या अगदी वर. आपला कागद नीट वाळावा एवढा स्वार्थ माणसाला असतोच. विस्तव जेमतेम धुमसत होता. 'अर्ध्या तासात काढू,' म्हणून तो चहाच्या टपरीवर गेला.

टपरीवर आयर्लंडचा विषय निघाला. म्हणजे त्यानेच काढला. तिकडच्या थंडीत कोट कसला घ्यावा यावर त्याने, ज्याने उभ्या जन्मात कोट घातला नव्हता, बराच वेळ मार्गदर्शन केलं.

इकडे त्याची आई, अम्मच्ची, चर्चमधून परतली. धूरघराच्या दारातूनच तिने पाहिलं, विस्तव विझत आलाय. आतल्या अंधारात शीट तेवढ्या दिसल्या, अर्ध्या ओल्या. तिने 'या पोराला कशाची म्हणून काळजी नाही' असं पुटपुटत दोन टोपल्या नारळाची सोडणं आणि रबराची ओली लाकडं आत सारली, दार घट्ट लावलं आणि जपमाळ घेऊन बसली.

कुरुविळा परतला तेव्हा धूरघराच्या कौलांतून धूर नुसता उसळत होता.

तो ओरडत आत घुसला, खोकत बाहेर आला, पुन्हा घुसला. हाताला लागतील ते कागद त्याने ओढून काढले. खालच्या काठीवर एक रिकामा चिमटा लटकत होता. जास्तीचा असेल, असं त्याला वाटलं. पडवीत येऊन त्याने कागद पसरले. एकूण एक दाखला खमंग तपकिरी झाला होता.

अम्मच्चीने एक दाखला उचलला आणि सवयीने उजेडाकडे धरला. रबराची शीट अशीच पारखतात आणि प्रतीप्रमाणे तिला एक ते पाच नंबर देतात.

"चार नंबर," ती म्हणाली. "तीन नंबर म्हटला असता, पण कडेला डाग आहे."

"अम्मच्ची, ही लिजीची पदवी आहे!"

अम्मच्चीने कागद घाईघाईने खाली ठेवला. "मातेऽऽ! मग आता तुझं काय होणार रे मोने, माझ्या लेकरा?"

वास जावा म्हणून कुरुविळाने दाखल्यांना अंगाला लावायची पावडर फासली. मग कपाटातलं अत्तर शिंपडलं. त्यानंतर जो वास सुटला तो मोगऱ्याच्या मांडवात सुकट भाजल्यासारखा होता. तेवढ्यात लिजी आली. दारातच थांबली, नाक वर केलं.

"इच्चाया."

"अगं, बुरशी आली होती..."

"इच्चाया, फाईल कुठाय?"

त्याने पडवीकडे बोट दाखवलं. लिजी आरडाओरडा करील असं त्याला वाटत होतं, निदान एखादा पेला फेकील. पण ती अतिदक्षता विभागातली बाई. खाली बसली, एकेक कागद पेशंट तपासावा तसा उलटसुलट बघितला.

"अक्षरं दिसतायत. शिक्के दिसतायत," ती शांतपणे म्हणाली. "आणि तुम्ही माझ्यासमोर दिसू नका."

ही शांतता पेल्यापेक्षा वाईट होती. त्या रात्री कुरुविळाला कोणी जेवायलाही हाक मारली नाही.

सकाळी बसमध्ये फाईल त्याच्या मांडीवर होती. आजूबाजूचे लोक नाक मुरडून सरकत होते. कंडक्टर आला, त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

"रबर कुठे ठेवलंय? लगेजचं तिकीट घ्यावं लागेल."

"रबर नाही हो, कागद आहेत."

"मी काय काल आलोय का इथं?" कंडक्टर म्हणाला आणि त्याने लगेजचं तिकीट फाडलंच. लिजी खिडकीबाहेर बघत राहिली.

एर्नाकुलमच्या कचेरीत खिडकीमागे एक पोक्त बाई होत्या. त्यांनी फाईल उघडली आणि चष्मा काढला. कुरुविळा लिजीच्या मागे सरकला.

"कुठल्या तुम्ही?"

"पालाच्या," लिजी म्हणाली.

"तरीच. धूरघर?"

"हो मॅडम."

"कोणाची अक्कल?"

लिजी नुसती बाजूला सरकली, म्हणजे मागचा कुरुविळा नीट दिसावा.

"आमच्या वडिलांनी माझी दहावीची गुणपत्रिका अशीच भाजली होती," बाई म्हणाल्या. "दुसरीकडचे कागद वाळवीने खाल्लेले येतात. या धुरावलेल्याला शंभर वर्षं काही होत नाही." आणि धाड धाड शिक्के पडू लागले. लिजीने डोळे मिटून क्रॉसची खूण केली. कुरुविळाला वाटलं, आता या बाईंच्या पाया पडावं.

"झालं तुमचं. आता नवऱ्याचं. लग्नाचा दाखला?"

फाईल उलटली, सुलटली, झटकली. आणि कुरुविळाला खालच्या काठीवरचा तो रिकामा चिमटा डोळ्यांपुढे दिसला.

"तो... खालच्या काठीवर होता," तो पुटपुटला.

"म्हणजे जळाला," बाई म्हणाल्या. त्यांनी कुरुविळाला आपादमस्तक न्याहाळलं आणि लिजीला विचारलं, "मग हे कोण तुमचे?"

लिजीने त्याच्याकडे वळून पाहिलं. "फाईल धरायला आलेत."

बाहेर बाकावर दोघं बसली. नवा दाखला चर्चमधून आणि पंचायतीतून काढायचा, मग पुन्हा तारीख. म्हणजे लिजी पुढे जाणार आणि कुरुविळा मागून येणार. वर्गीससारखा.

"खरं सांगा," लिजी म्हणाली. "मी जाऊ नये असं मनात होतं ना?"

"नाही गं. तू जावंस. फक्त माझ्याशिवाय जाऊ नयेस." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणून तर तो कागद सगळ्यांत खाली लावला. नीट वाळावा म्हणून."

लिजी हसायला लागली. हसता हसता तिचेही डोळे भरले आणि पदराच्या टोकाने तिने आधी त्याचे पुसले, मग स्वतःचे. "नवा दाखला आला की अम्मच्चीच्या उशीखाली ठेवायचा," ती म्हणाली. "आणि तुम्ही गोठ्यात झोपायचं."

परतीच्या बसमध्ये नेमका तोच कंडक्टर. मांडीवर तीच फाईल पाहून तो म्हणाला, "काय हो, माल खपला नाही वाटतं?"

"माल सगळा पास झाला," लिजी म्हणाली आणि तिने कुरुविळाकडे बोट दाखवलं. "हा एक नग तेवढा परत आलाय."

कंडक्टरने कुरुविळाला नीट न्याहाळलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि मुकाट्याने त्याच्या हातावर लगेजचं तिकीट ठेवलं.