मकरानची वाट

नळाला पाणी आलं का, एवढंच विचारलं तरी वसंतकाका सिकंदरापासून सुरुवात करतात. परतीच्या वाटेवर त्याची फौज मकरानच्या वाळवंटात, समुद्र शेजारी असताना, तहानेनं कशी मेली, हे ऐकून होईपर्यंत आमचा नळ जातो.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. काशीत शिंदे घाटामागच्या गल्लीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, पण सिंधपलीकडचा तो किनारा त्यांना गल्लीपेक्षा जास्त पाठ. तिथे गुरंसुद्धा मासळी खायची, हे ते दूधवाल्याला ऐकवतात. ग्वादर ओमानच्या सुलतानाकडे कसं गेलं आणि आता तिथे केवढं बंदर झालंय, हे मला त्यांनी माझ्या मेहुण्याच्या तेराव्याला सांगितलं. पानावर बसलेलो, उठताही येईना. घाई केली की म्हणणार, "पहिले रस्ता समजून घे, भई."

त्यांची कुलदेवता हिंगलाज, त्याच मकरानात. त्यांच्या घरात लग्न झालं की जोडप्यानं जाऊन देवीची ओटी भरायची. मध्ये सरहद्द आली, या दोघांचं राहूनच गेलं. आता सुमनकाकू अंथरुणाला खिळल्यात. त्यांनी हट्ट धरला, मनानंच जाऊ, तुम्ही रोज थोडी वाट सांगा. ओटी भरली की मी मोकळी.

मोकळी म्हणजे काय, हे काशीत कुणाला विचारावं लागत नाही.

पण काका पोहोचवतील तर ना. सिकंदर झाला, अरब झाले, पुन्हा सिकंदर. काकू माझ्याकडे तक्रार करू लागल्या. मीही वैतागलेलोच होतो. जिन्यात काकांना म्हटलं, एकदाचे पोहोचा की.

"पोहोचल्यावर ती थांबेल का?" काका म्हणाले आणि वर निघून गेले. इतकं थोडं ते पहिल्यांदाच बोलले.

रविवारी दुपारी काकूंनी खण-नारळ उशाशी घेतला आणि मलाही बसवून घेतलं. आज पोहोचायचंच. काकांजवळचा इतिहास संपला होता. पडेल आवाजात त्यांनी आम्हाला चंद्रगुपाला आणलं. तो चिखल उकळणारा डोंगर. तिथे यात्रेकरूनं आपल्या चुका मोठ्यानं कबूल करायच्या, मगच पुढे देवीकडे जायचं.

काकूंचं पटकन झालं. ह्यांची दोन पुस्तकं रद्दीत घातली होती, म्हणाल्या. काकांची पाळी आली, तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. काकूंचा हात नारळाकडे गेला.

"काकू, मीही बरोबर आलोय," मी म्हणालो. "माझं राहिलं."

आयुष्यभर मी कुणाला काही सांगितलेलं नाही. पण सांगितलं. जिन्यात काका दिसले की मी बंद फोन कानाला लावून बोलत सुटतो. एकदा तर तसाच बोलत बोलत थेट मणिकर्णिकेच्या चितांपर्यंत गेलो होतो.

काकू खोकला येईपर्यंत हसल्या. हात परत पांघरुणात गेला.

"आणखी?"

काका माझ्याकडे बघत होते.

"पुष्कळ आहे, काकू," मी म्हणालो. "आज काही संपायचं नाही."